इंजिनातली ठकठक: पाना हातात घेण्याआधी

गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीतूनच सीएनजी किट बसवून आलेली, एक लाख किलोमीटरच्या जरा पुढे गेलेली. मालकांचं घर घोडबंदर रोडला आणि नोकरी रबाळे एमआयडीसीत, म्हणजे रोजचं चालणं ठाणे-बेलापूर रोडच्या गर्दीतलं. तक्रार एका वाक्याची: इंजिन गरम झालं की आतून ठकठक येते. निदानं मात्र दोन सोबत घेऊनच आले होते. एका ठिकाणी सांगितलेलं, ‘ई२० पेट्रोलचा प्रताप आहे, प्रीमियम टाका.’ (ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.) दुसऱ्या ठिकाणी, ‘टॅपेट वाजतायत, हेड उघडावं लागेल.’ (टॅपेट म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, व्हॉल्व्ह दाबणारे तुकडे.) वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजात गाडी आली तेव्हा दोन्ही निदानं बाजूला ठेवली, कारण दोन्ही नुसत्या कानाने, तेही गाडी उभी असताना केलेली होती. आवाज मोजता येतो. कधी येतो, कोणत्या चालीने येतो आणि कुठून येतो, या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय इंजिनाला पाना लावायचा नाही, एवढं पाळलं तरी बरीच इंजिनं उगाच उघडायची वाचतात.

बॉनेट उघडण्याआधीचे प्रश्न ठरलेले आहेत. थंड इंजिनला येतो की गरमला? उभ्या गाडीत येतो की चढावर? अ‍ॅक्सिलरेटर दाबताना, सोडताना, की मध्येच हलका धरून ठेवल्यावर? पेट्रोलवर आणि सीएनजीवर सारखाच येतो का? आणि ज्याचं उत्तर लोकांच्या लवकर लक्षात येत नाही तो प्रश्न: आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीला काय झालं होतं? ऑइल बदललं, खड्ड्यात खालून आपटली, पावसाच्या पाण्यातून गेली, कुठे चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उघडला? इथे उत्तर मिळालं की पावसाळ्यात खड्ड्यातला दगड खालून जोरात लागला होता, चेंबरमधून ऑइल गळायला लागलं, मग तो काढून, ‘ठोकून सरळ करून’ परत बसवला. आवाज त्यानंतर काही महिन्यांनी. मालकांच्या डोक्यात या दोन घटनांचा संबंधच नव्हता, आणि नसणं स्वाभाविक आहे.

थंड-गरमच्या उत्तराला फार किंमत आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला एक-दोन सेकंद खरखर होऊन बंद पडते ती बहुधा टायमिंग चेनची. टेन्शनरमध्ये ऑइलचा दाब भरेपर्यंत चेन सैल राहते. चेन लांबली असेल तर ही खरखर दिवसेंदिवस जास्त वेळ टिकते. थंड असताना टपटप आणि दोन-तीन मिनिटांनी नाहीशी, तर पिस्टन बोअरमध्ये हलतोय. तापून फुगला की फट भरते. हा आवाज वर्षानुवर्षं राहूनही इंजिन चालतं. याच्या उलट, थंडपणी शांत आणि गरम झाल्यावर ठोकणारं इंजिन गंभीरपणे घ्यायचं. ऑइल तापून पातळ होतं, बेअरिंगमधला ऑइलचा थर टिकत नाही आणि धातूला धातू लागतो. या गाडीचा आवाज नेमका असा होता: इंजिन पूर्ण तापल्यावर, २५०० आरपीएमच्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर हलका धरला की स्पष्ट. जोरात दाबला की थोडा दबायचा, सोडताना पुन्हा उठायचा. लोड आणि रिकामं यांच्या मधल्या त्या क्षणी पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो, म्हणून तिथे ठोक ऐकू येते.

तरीही पेट्रोलचा आरोप तपासायला हवा होता. त्यासाठी ठाण्यात गायमुखचा घाट पुरेसा आहे. नवी मुंबईत पारसिक हिलचा चढ. गाडी पूर्ण तापवायची, चढावर मुद्दाम एक गिअर वरचा ठेवून १५०० ते २००० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. पेट्रोल वेळेआधी फुटत असेल तर इथे डब्यात खडे हलवल्यासारखा कोरडा, बारीक खळखळाट येतो आणि खालचा गिअर टाकताच थांबतो. सीएनजीच्या गाडीत याहून पक्की चाचणी हाताशी असते. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये बटण दाबून सीएनजीवर जायचं. सीएनजीचा ऑक्टेन (वेळेआधी न फुटण्याची क्षमता) १२० च्या वर, त्यामुळे खरी पिंगिंग, म्हणजे हा खळखळाट, असेल तर ती गायब व्हायला हवी. आवाज दोन्ही इंधनांवर तसाच राहिला तर इंधन सुटलं. इथे तसाच राहिला. तसंही ई२० वर हा आरोप उलटाच पडतो: साध्या बीएस-६ पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ होता, ई२० चा ९५ आहे. इथेनॉलबद्दल रबरी नळ्यांच्या, मायलेजच्या तक्रारी कराव्यात, पण पिंगिंग त्याने वाढत नाही.

स्कॅनर लावला तर लाइव्ह डेटामध्ये इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे ओढलेलं दिसलं. इथेच बरेच जण फसतात. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकवर बोल्टने आवळलेला एक कान. पेट्रोल फुटल्याची थरथर आणि बेअरिंगची ठोक यातला फरक त्याला प्रत्येक वेळी कळेलच असं नाही. ठोक लागली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टायमिंग मागे घेतो, गाडीचा पिकअप पडतो, आणि स्कॅनरकडे बघून आपण म्हणतो ‘पिंगिंग आहे’. म्हणून टायमिंग मागे आहे एवढ्यावरून काही ठरवू नये.

टॅपेटचा आरोप मोजणीने सुटतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, त्यामुळे हेडमधला आवाज क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येतो आणि बिग एंडचा, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या बेअरिंगचा, साधारण प्रत्येक फेरीला. ८०० आरपीएमच्या आयडलला, म्हणजे पाय न लावता इंजिन नुसतं चालू असताना, क्रँक सेकंदाला १३ वेळा फिरतो. एवढं कानाने मोजता येत नाही. स्टेथोस्कोपच्या नळीला मोबाइलचा माइक चिकटवून रेकॉर्ड करायचं आणि कॉम्प्युटरवर चौपट सावकाश ऐकायचं. दहा सेकंदांत साधारण १६-१७ ठोके आले तर वरचं, ३३ च्या आसपास आले तर खालचं. हिशेब सगळीकडे लागू पडत नाही. पिस्टनचा आणि गजनपिनचा (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनचा) आवाज स्फोटाशी बांधलेला असल्यामुळे तोही निम्म्या चालीने येऊ शकतो. पण टॅपेट की बेअरिंग एवढ्यापुरता तो चांगला चालतो. इथे ठोके क्रँकच्या चालीचे होते.

सीएनजीच्या गाडीबाबत आणखी एक गोष्ट कारागीरसुद्धा विसरतात. सीएनजीवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट खाली बसत जातात, म्हणून टॅपेटचा गॅप वाढत नाही, कमी होतो. वाजणं सोडा, तो टॅपेट शांत होतो आणि व्हॉल्व्ह नीट न बसल्यामुळे इंजिन मिसिंग करतं. तेव्हा ‘सीएनजी आहे ना, टॅपेट वाजणारच’ हे वाक्य ऐकलं की समजायचं, गॅप मोजायचा फीलर गेज लावलेला नाही.

जागा शोधायला स्टेथोस्कोप, नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला. टोक सिलिंडर हेडच्या कव्हरवर, मग ब्लॉकवर, मग चेंबरच्या कडेवर, प्रत्येक सिलिंडरच्या रेषेत. पत्र्यावर टोक टेकवलं तर सगळंच वाजतं, म्हणून बोल्टच्या डोक्यावर किंवा ओतकामाच्या जाड भागावर. बाह्या दुमडलेल्या हव्यात, आणि रेडिएटरचा फॅन केव्हाही सुरू होतो हे लक्षात ठेवायचं. या गाडीत हेडवर नेहमीची टिकटिक होती. चेंबरच्या कडेवर, मागच्या अर्ध्या भागात ठोक जाड होत होती.

इंजिनाबाहेरचे संशयित याच वेळी उरकून घेतले. बेल्ट काढून इंजिन चालवलं. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही. आवाज राहिला, म्हणजे अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, आयडलर सुटले. क्लच दाबून पाहिला, फरक नाही. सायलेन्सरची हीट शील्ड आणि माउंटिंग हाताने हलवून बघितली. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची टकटकसुद्धा लोकांना घाबरवते. त्याचा कनेक्टर काढला की ती थांबते.

मग सिलिंडर एकेक करून बंद करण्याची चाचणी. गाडी पेट्रोलवर ठेवून एका सिलिंडरच्या कॉइलचा आणि इंजेक्टरचा, दोन्हींचे कनेक्टर काढायचे. नुसती कॉइल काढली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, आणि त्याची किंमत बेअरिंगच्या सेटपेक्षा कितीतरी जास्त आहे. ज्या सिलिंडरचा स्फोट बंद केल्यावर ठोक मऊ पडते किंवा थांबते, त्याच्या रॉडवर संशय. पिनचा आवाज बहुधा कमी होण्याऐवजी दुहेरी होतो. क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगची धडधड एका सिलिंडरने फारशी बदलत नाही. इथे पहिला, दुसरा, चौथा बंद करून काही झालं नाही. तिसरा बंद करताच आवाज जवळपास गेला. चेक इंजिनचा दिवा लागतो, तो नंतर स्कॅनरने पुसायचा.

(डिझेलवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: कॉमन रेल इंजिनात ही चाचणी करायची तर इंजिन बंद असताना इंजेक्टरचा कनेक्टर काढून. जुन्या सवयीने हाय प्रेशर पाइपचा नट ढिला करू नये. तिथे दाब शेकडो बार असतो, हजारच्या वरही जातो, आणि डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते.)

तरी चेंबर उघडला नाही. आधी ऑइल. डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्ये, पेट्रोलचा वास नाही. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा लागत नव्हता, आणि मालकांचा सगळा भरवसा त्याच्यावर. पण त्या दिव्याचा स्विच साधारण ०.३ बारच्या खाली दाब गेला तरच लागतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा बेअरिंगची वेळ भरलेली असते. खरा दाब बघायचा तर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावावा लागतो. जपानी बनावटीच्या बऱ्याच इंजिनांना १/८ इंची टेपर आटा येतो, युरोपियन बनावटीला बहुधा एम१०. चुकीचा अ‍ॅडॅप्टर जोर लावून फिरवला तर अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक आटा सोडतो. ठोकताळा असा की गरम इंजिनात दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार. अंतिम आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा.

गेजने या गाडीचं बिंग फोडलं. गरम आयडलला ०.८ बार, जरा कमी पण मरणासन्न नाही. २००० आरपीएमला १.७. तिथून ३००० ला नेऊन धरून ठेवला तर काटा दोनच्या पुढे जायला हवा होता. तो थरथरायला लागला आणि खाली १.२ वर आला. हा फरक महत्त्वाचा आहे. बेअरिंग झिजली असतील तर गरम आयडलला दाब पडलेला असतो, पण आरपीएमबरोबर वाढत जातो, कारण पंप जास्त ऑइल ढकलतो. आरपीएम वाढवल्यावर काटा थरथरून खाली येत असेल तर पंपाला ऑइल ओढायलाच मिळत नाही. म्हणजे इथे दुखणी दोन होती: तिसऱ्या रॉडची बेअरिंग झिजलेली, आणि ती झिजवणारं कारण चेंबरमध्ये बसलेलं. नुसती बेअरिंग बदलून गाडी दिली असती तर ती काही महिन्यांत परत आली असती.

ऑइल काढलं ते जुन्या मलमलच्या कापडातून गाळून. फिल्टर कापला. हॅकसॉने नाही, त्याचा कीस आत पडून सगळा पुरावा बिघडवतो; फिल्टर कटरने कडा कापायची, आतला कागद सुटा करून रॉकेलमध्ये धुवायचा आणि उन्हात पसरायचा. घडीघडीत चंदेरी, पातळ, मऊ चकाकी होती. लोहचुंबक फिरवला, चिकटलं नाही. आजच्या छोट्या गाड्यांची बेअरिंग बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात, तेव्हा ‘तांब्याचा रंग दिसत नाही म्हणजे बेअरिंग ठीक’ हा जुना ठोकताळा चालत नाही. चकाकी पिस्टनचीही असू शकते, पण आवाजाची चाल, तिसरा सिलिंडर आणि गेज, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होते.

कॉम्प्रेशनही घेतलं, कारण गाडी पाण्यातूनही गेली होती. वंदना टॉकीजजवळच्या किंवा एखाद्या सबवेतल्या साचलेल्या पाण्यात इंजिनाने एअर फिल्टरमधून पाणी ओढलं तर रॉड वाकतो, आणि थोडासा वाकलेला रॉड घेऊन गाडी काही आठवडे चालतेही. वाकलेला रॉड म्हणजे तोकडा रॉड. पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि त्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा ठळक कमी येतं. चारही प्लग काढून, इंधन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी भरलेली असताना पाच-सहा फेऱ्या. चारही सिलिंडर १२ बारच्या आसपास, फरक एक बारच्या आत. रॉड सरळ.

चेंबर उतरवल्यावर बाहेरून ‘सरळ’ दिसणारा तळ आतून वर आलेला होता. पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या पिकअपचा स्ट्रेनर (गाळणी) काढून उलटा धरला तर जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग काळ्या सिलिकॉनच्या धाग्यांनी बुजलेला. आधीच्या कामात चेंबरच्या कडेला गॅस्केट पेस्ट भरपूर लावली होती. बोल्ट आवळताना ती आतही पिळली गेली, गरम ऑइलमध्ये तुटून स्ट्रेनरला जाऊन चिकटली. स्ट्रेनर आणि तळ यांच्यात किती जागा उरली हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चेंबरच्या तळाला मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा ठेवला, स्ट्रेनर जागेवर लावून चेंबर दोन-चार बोल्टवर चढवला आणि परत उतरवला. दबलेल्या क्लेची जाडी जेमतेम २ मिमी भरली. साधारण ८ ते १० मिमी हवी. जाळी अर्धी बुजलेली, खालून ऑइल यायला दोन मिलिमीटरची फट. ३००० आरपीएमला पंप उपाशी राहणार नाही तर काय!

बेअरिंगकडे गेलो. तिसरा रॉड हाताने क्रँकवर वर-खाली हलवला तर टिक असा धक्का बोटांना लागला. आडवी हालचाल प्रत्येक रॉडला असते, ती बघून घाबरू नये. उभी हालचाल बोटांना कळली की बेअरिंग गेली. कॅप (रॉडच्या टोकाचा खालचा अर्धा भाग) काढण्याआधी रंगाने नंबर आणि दिशा, दोन्ही टाकायचं. आजकालचे बरेच रॉड अखंड बनवून मग मुद्दाम तडकवून दोन भाग केलेले असतात, त्या खडबडीत तोंडावर दुसरी कॅप बसत नाही आणि उलटीही बसत नाही. बेअरिंगचा वरचा अर्धगोल पत्रा, म्हणजे वरचं शेल, राखाडी झालेलं, मध्यभागी थर उडालेला. वरच्यालाच जास्त मार, कारण स्फोटाचा दाब त्याच्यावर येतो. प्लास्टिगेजची हिरवी पट्टी, म्हणजे दाबली की पसरणारा मऊ धागा, बेअरिंगमधली फट ०.०२५ ते ०.०७६ मिमीपर्यंत मोजते. जर्नल, म्हणजे रॉड बसतो तो क्रँकचा गोल भाग, कोरडा पुसून पट्टी ठेवली, कॅप टॉर्कला आवळून काढली. मध्ये क्रँक तसूभरही फिरवायचा नाही. बाकी तिन्ही रॉडवर ०.०४ च्या आसपास, तिसऱ्यावर पट्टी फारशी दबलीच नाही, मापाच्या सगळ्यात अरुंद खुणेपेक्षाही अरुंद राहिली.

पुढचा निर्णय जर्नलचा. नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. मायक्रोमीटरने दोन जागी आणि प्रत्येक जागी काटकोनात माप घेतलं, लंबगोलपणा मॅन्युअलच्या मर्यादेत. म्हणून स्टँडर्ड मापाची शेल घालून भागलं. नख अडकलं असतं तर इंजिन उतरवून क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागला असता, आणि शेल ०.२५ अंडरसाइजची. तेव्हाही आधी मॅन्युअल बघायचं. काही क्रँक कंपनी ग्राइंड करू देत नाही. ओरखडलेल्या जर्नलवर नवी शेल चढवून ‘काम झालं’ सांगणारे आहेत. तो आवाज थोडे दिवस लपतो. २०डब्ल्यू-५० ऑइल भरून लपवणारेही त्यातलेच. जुनी गाडी विकत घेताना इंजिन थंड असताना बघायला जा हे सगळे सांगतात. पूर्ण तापल्यावर २५०० ला हलका अ‍ॅक्सिलरेटर धरून ऐका, हेही त्यात जोडावं.

चारही रॉडची शेल बदलली, बोल्ट नवे. अंशांत आवळायचे बोल्ट ताणलेले असतात, ते परत वापरत नाहीत. मेन बेअरिंगची दोन कॅप काढून खात्री केली, ती चांगली होती. चेंबर नवा, स्ट्रेनर नवा. पेस्ट ३ मिमीची एकच सलग रेघ, बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने. १० मिमी डोक्याचे बोल्ट फक्त १० न्यूटन-मीटरच्या आसपास, तिरके-तिरके. ट्यूबवर लिहिलेला वेळ सुकू दिल्यावरच ऑइल, मॅन्युअलप्रमाणे ५डब्ल्यू-३०. इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून स्टार्टर मारला, गेजचा काटा उठल्यावर मग कनेक्टर जोडून इंजिन चालू केलं.

गरम आयडलला १.३ बार, ३००० ला ३.१, आणि धरून ठेवला तरी काटा जागचा हलला नाही. गायमुखच्या चढावर दोन्ही इंधनांवर शांत. टायमिंगही स्कॅनरवर आपोआप पुढे आलं, त्याला कोणी हात लावला नव्हता. गॅलऱ्यांमध्ये (ऑइलच्या आतल्या वाटांमध्ये) राहिलेला जुना चुरा निघावा म्हणून ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलायचं सांगितलं, आणि काढलेला फिल्टर फेकू नका, कापून बघायचाय, हेही.